पाय भाजण्याची स्पर्धा

नमस्कार, श्रोतेहो.

आजच्या भाषणाचे नाव ऐकून कोणाला तरी इजा झाली असे आपल्याला वाटले असेल, तर तसे काहीही झालेले नाही. हा पाय म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचे किंवा भोपळ्याचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला, ताटलीएवढा गोल, अमेरिकेतल्या घराघरांतला सणाचा पदार्थ. माझ्या नणंदबाई, ज्यांना मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणते, पहिल्यांदा सांगलीहून न्यू जर्सीला लेकीकडे गेल्या, तेव्हा "उद्या आपल्याकडे आठ पाय आहेत" हे वाक्य ऐकून त्यांनी "म्हणजे माणसं चारच येणार का?" असे विचारले होते. तेव्हापासून आमच्या कुटुंबात हा शब्द न हसता उच्चारणे कोणालाही जमलेले नाही.

थँक्सगिव्हिंग हा तिकडचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला आणि पुढे १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. त्या दिवशी सगळे कुटुंब एका घरी जमते, आणि आपल्याकडे होळीला पुरणपोळी हवीच, तसा तिथे जेवणानंतर पाय हवाच. माझा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, वन्संची लेक तिथून तासाभरावर आहे, पुतण्या पेनसिल्व्हेनियात आहे आणि त्याची बायको मूळची ओहायोची आहे. दोन वर्षांपूर्वी ही सगळी मंडळी जमली, तेव्हा प्रत्येकाने येताना दुकानातून एकेक पाय आणला. जेवणानंतर त्यांतले निम्मे उरले आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेले. ते पाहून माझा जीव तुटला. सूनबाईंनी तेव्हाच ठरवले, की पुढच्या वर्षी विकतचा पाय घरात येणार नाही. ज्याला आणायचा असेल त्याने तो स्वतः करावा, आणि आपण स्पर्धा घेऊ.

घरातली स्पर्धा म्हटली, की आपण बक्षिसाचा विचार आधी करतो आणि ओव्हनचा नंतर. ते उलट करावे. घरच्या एका ओव्हनमध्ये नऊ इंची थाळ्या चारच्या वर मावत नाहीत, आणि त्या दिवशी सकाळपासून टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी, भाजायला तो ओव्हन अडवून बसलेली असते. म्हणून प्रत्येकाने आपला पाय आपल्या घरी, शक्यतो आदल्या दिवशी, भाजून आणायचा. आदल्या दिवशी अशासाठी, की गरम पायात सुरी घातली की सारण वाहून जाते आणि मग चवीलाही कोणी न्याय देत नाही. अंड्या-दुधाचे सारण असेल तर तो पाय फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू द्यायचा नाही. आमच्याकडे निम्मी माणसे शाकाहारी असल्यामुळे आणखी एक काळजी घ्यावी लागली. तिकडच्या जुन्या पद्धतीच्या पारीत डुकराची चरबी घालतात, आणि दुकानात मिळणाऱ्या काही तयार पाऱ्यांतही ती असते. म्हणून प्रत्येक पायाशेजारी एक चिठ्ठी ठेवायची आणि तीवर अंडे, सुकामेवा, चरबी यांपैकी काय आहे ते लिहायचे. चिठ्ठीवर नाव मात्र लिहायचे नाही, आकडा लिहायचा. पुन्हा सांगते, नाव नको, आकडा हवा. या आकड्याची गोष्ट मला पुढे सांगायची आहे.

पारीविषयी दोन शब्द सांगते, कारण तिथेच आपल्या बायकांचा हात चुकतो. करंजीच्या पारीला आपण कडकडीत मोहन घालतो. पायाच्या पारीला ते अजिबात चालत नाही. तिथे लोणी थंडगार हवे आणि पाणी बर्फाचे हवे. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच दिसत राहिले पाहिजेत, कारण भाजताना त्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होते, तिने पीठ उचलले जाते आणि पारीला थर सुटतात. हे ध्यानात आल्यावर मला समजले, की हा पाय करंजीचा नव्हे, चिरोट्याचा भाऊबंद आहे. प्रमाण वजनाने लक्षात ठेवावे: तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. तीन, दोन, एक. तिकडे सगळे कपाने मोजतात आणि ती सवय मला मुळीच आवडत नाही. कपात दाबून भरलेला मैदा आणि अलगद भरलेला मैदा यांच्या वजनात चांगला मूठभर फरक पडतो आणि मग माणसे पाककृतीला दोष देतात. भट्टी आधी ४२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २२० सेल्सिअसवर तापवायची, पंधरा मिनिटांनी ती ३५० पर्यंत उतरवायची. भोपळ्याच्या सारणाची भीती कोणी बाळगू नये. तिकडे डब्यात जो भोपळ्याचा गर मिळतो, तो बहुतांशी इलिनॉय राज्यात पिकलेल्या, फिकट सालीच्या, आपल्या लाल भोपळ्याच्या जवळच्या जातीचा असतो. ज्यांना घारगे येतात, त्यांना हे सारण येते.

आता त्या आकड्याकडे वळते.

स्पर्धेला आठ पाय आले. परीक्षक तीन होते. पहिल्या, मुलाच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांनी आपल्या गावच्या जत्रेत बरीच वर्षे पायांचे परीक्षण केलेले होते. दुसरी, चिठ्ठी टाकून निवडलेली बारा वर्षांची एक मुलगी. तिसरी मी, घरातली वयाने मोठी म्हणून. पारीला दहा, सारणाला दहा आणि रूपाला पाच, असे प्रत्येक परीक्षकाकडे पंचवीस गुण होते. शिक्षिकाबाईंनी सुरुवातीलाच आम्हाला पद्धत दाखवली. त्यांनी पहिला तुकडा कापला, तो तोंडात न घालता सुरीवर उचलून त्याचा तळ पाहिला आणि आम्हालाही दाखवला. तळ बदामी हवा. पांढरा आणि ओलसर असेल तर वरचे रूप कितीही देखणे असले तरी गुण कापायचे. मग त्यांनी कडेचा टवका मोडून तो नुसताच खाल्ला, त्याचा आवाज ऐकला, घोटभर पाणी प्यायल्या आणि नंतर सारणाला हात घातला. दिलेल्या प्रत्येक गुणासमोर एका ओळीत कारण लिहायचे, असेही त्यांनी बजावले. हे कारण मला फार महागात पडले.

चिठ्ठीवर दोनचा आकडा असलेला पाय सफरचंदाचा होता. वरून पारीचे झाकण, त्यावर वाफ जायला चार चिरा, आणि कड काट्याने एकसारखी दाबलेली. हे काम ओहायोच्या सुनेचे, हे मी पाहताक्षणी ठरवून टाकले. तळ बदामी होता, टवका कुरकुरीत होता. पारीला मी दहापैकी नऊ दिले.

पाचव्या क्रमांकाचा पाय भोपळ्याचा होता, आणि त्याच्या कडेला मुरड होती. श्रोतेहो, करंजीला घालतो ती मुरड. चिमटीत कड धरायची, आत दुमडायची, लगेच पुढची चिमूट, पुन्हा दुमड, अशी दोरीसारखी वळत गेलेली. आणि ती मुरड उलटी होती. माझी मुरड उजवीकडे कलते, आपल्यापैकी बहुतेकींची कलत असेल. ही डावीकडे कलत होती. आमच्या घरात उलटी मुरड एकाच हाताची, कारण वन्सं डावखुऱ्या आहेत. दिवाळीच्या ताटात त्यांच्या करंज्या मी बेचाळीस वर्षे वेगळ्या ओळखत आले आहे. चिठ्ठीवर आकडा होता खरा, पण माझ्या दृष्टीने त्या कडेवर वन्संची सहीच होती.

मी पेचात पडले. तळ उत्तम होता. टवका मोडताना थर वेगळे झालेले दिसत होते. सारणात दालचिनीच्या मागे वेलदोडा होता, आणि तो नेमका तेवढाच होता. पण मी नऊ गुण दिले असते तर परीक्षकाने घरच्या माणसाला झुकते माप दिले असे झाले असते, आणि पाहुण्या शिक्षिकाबाईंसमोर मला ते नको होते. हे मी त्या वेळी स्वतःला दिलेले कारण आहे. दुसरे कारण असे, की या बेचाळीस वर्षांत माझी करंजी कढईत फुटली त्या प्रत्येक वेळी वन्संनी तिच्याकडे नुसते पाहिले आहे, बोलल्या कधीच नाहीत. आणि ते पाहणे मी विसरलेले नाही. पारीला मी सहा गुण दिले आणि समोर लिहिले, "कड या पदार्थाला शोभत नाही."

तिघींच्या गुणांची बेरीज झाली. पंच्याहत्तरपैकी सहासष्ट गुण मिळवून दोन आकड्याचा सफरचंदाचा पाय पहिला आला. चौसष्ट गुणांचा भोपळ्याचा पाय दुसरा. तिकडच्या जत्रांत पहिल्याला निळी फीत देतात आणि दुसऱ्याला लाल, म्हणून सूनबाईंनी तशा फिती आणून ठेवल्या होत्या. निळी फीत हातात घेऊन त्यांनी सफरचंदाच्या पायाची थाळी उलटून तळाला चिकटवलेले नाव वाचले, आणि सोफ्यावरून वन्सं उठल्या.

"अहो वहिनी," त्या मला म्हणाल्या, "तिकडच्या पदार्थाला तिकडचीच कड बरी, म्हणून काट्यानं दाबली. मुरडबिरड नाही घातली मी."

पाचव्या क्रमांकाची थाळी त्यांच्या नातवाची होती. एकोणीस वर्षांचा, तिथेच जन्मलेला मुलगा. आधीच्या दिवाळीत आजी लेकीकडे असताना तो तिच्याशेजारी ओट्यापाशी उभा राहून शंभरेक करंज्यांना मुरड घालायला शिकला होता. आणि तोही आजीसारखाच डावखुरा आहे, हे मला त्याच्या बारशापासून नसले तरी त्याच्या पहिल्या इयत्तेपासून ठाऊक होते. परीक्षक म्हणून बसताना ते मला आठवले नाही.

गुणपत्रके सूनबाईंनी फ्रिजवर लावली होती. मुलगा त्यांच्यासमोर उभा राहून वाचत होता. त्याला मराठी सावकाश वाचता येते, त्यामुळे तो माझ्या ओळीपाशी बराच वेळ थांबला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, "मामीआजी, शोभत नाही म्हणजे काय?"

मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला, आणि मग सगळ्यांसमोर खरी गोष्टही सांगितली: मुरड कोणाची वाटली, किती गुण द्यायला हवे होते आणि किती दिले. हिशेब साधा होता. मी नऊ दिले असते तर त्याचे सदुसष्ट झाले असते. शिक्षिकाबाईंना पुतण्याने हे इंग्रजीत समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, की घरात ज्यांचे हात आपण ओळखतो त्यांचे परीक्षण करायला मी बसलेच कशाला. मुलगा हसत होता. वन्सं हसत नव्हत्या. त्या निळी फीत नीट घडी घालून पर्समध्ये ठेवत होत्या. ती फीत आज सांगलीच्या घरी, भिंतीवरच्या कपाटात, काचेमागे आहे.

म्हणून, श्रोतेहो, नुसता आकडा पुरत नाही. आमच्याकडे नियम बदलायचा ठरला, तेव्हा कोणी म्हणाले की परीक्षकांपुढे कडा कापून तुकडे ठेवावेत. पण पायाची कड कापली तर पारीचे परीक्षण करायचे कशावर? शेवटी त्या मुलानेच तोड काढली, की यंदा आठही पायांना मुरडच घालायची. तिचा वर्ग गेल्या महिन्यात फोनवर झाला. वन्संनी सांगलीहून कणकेची लाटी हातात धरून दाखवली आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि पुणे अशा तीन ठिकाणी आम्ही सगळे ती गिरवत बसलो होतो. सात जणांची मुरड उजवीकडे कलते आणि एकाची डावीकडे, हे त्या वेळी सर्वांच्या लक्षात आले. पण यंदाचे तिन्ही परीक्षक शिक्षिकाबाई बाहेरूनच आणणार आहेत, त्यांना कोणाचा हात कोणता हे कळायचे नाही.

मी यंदा परीक्षक नाही. मी भोपळ्याचा पाय करणार आहे. सराव म्हणून इथे पुण्यात दोनदा करून पाहिला, आणि दोन्ही वेळा मुरड भाजताना सैल होऊन थाळीवर ओघळली. काल मी त्या मुलाला फोन करून विचारले. तो म्हणाला, "मामीआजी, मुरड घातल्यावर थाळी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि त्याआधी हात गार पाण्यात धरा. तुमचे हात गरम आहेत."

नमस्कार.