विनोद कळायचा असेल तर आवाज बंद करा

नमस्कार मंडळी! बडोद्याहून बोलतेय, दांडिया बाजारातल्या आमच्या घरून. मागे कर्र-कर्र ऐकू येतंय ना, तो हिंचका. झोपाळ्याला आम्ही बडोद्याची मराठी माणसंसुद्धा हिंचकाच म्हणतो. यावर बसून मी लहानपणापासून टीव्ही बघत आलेय, आणि शेजारी कायम आमच्या गुजराती मासी.

गेल्या रविवारी मासींना मी फोनवर दूरदर्शनच्या 'चिमणराव'चा एक जुना तुकडा दाखवला. चित्र कृष्णधवल, आवाज खरखरीत. मासींना मराठीचे चार शब्द कळतात, त्यातलाही एक त्या तुकड्यात नव्हता. समोरचा माणूस बोलतोय आणि चिमणराव ऐकताहेत, एवढंच चाललेलं. मासी खुदकन हसल्या. म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, "आ भाई केटलुं ध्यानथी सांभळे छे!" हा माणूस किती मन लावून ऐकतोय!

आजचा अख्खा व्हिडिओ मासींच्या या एका वाक्यावर आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण बडोद्याच्या पोरांनाही ती माहीत नसते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांनी लिहिले ते चिं. वि. जोशी आपल्या बडोद्याचे. जन्म १८९२चा, पुण्यातला, पण नोकरी इथली. बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पुढे संस्थानाचं दफ्तर सांभाळायचे. तो मोठा घुमट दिसतो ना, विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीचा, तेच ते कॉलेज. मी तिथूनच बी. ए. केलं. त्या जिन्यावरून रोज चढले-उतरले आणि मला कुणी हे सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिमणराव पडद्यावर पहिल्यांदा आले १९४० साली, मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये. तेव्हा दामुअण्णा मालवणकर होते. पण आपल्या डोळ्यांसमोर येतात ते सत्तरच्या दशकातले, मुंबई दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर. आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. एक काटकुळा, एक दणकट. नुसते शेजारी उभे राहिले तरी हसू यावं अशी जोडी. इतकं आयतं हातात असताना दोघांपैकी एकानेही त्याचा फायदा उठवला नाही, हे मला फार मोठं वाटतं. प्रभावळकरांचे चिमणराव आपण विनोदी आहोत हे विसरलेलेसुद्धा नाहीत, त्यांना ते मुळात ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी घरावर खरोखरीचं संकट आलंय. ते घाबरतात तेव्हा खरे घाबरतात. आपण हसतो ते त्या खरेपणाला.

आता अशोक सराफ. मराठी सिनेमाबद्दल बोलणारे खूप आहेत, मी 'हम पांच'बद्दल बोलणार, कारण आमच्या गल्लीतल्या गुजराती घरांना अशोक सराफ भेटले ते १९९५ साली, झी टीव्हीवर, आनंद माथुर म्हणून. पाच मुलींचा बाप. पहिली बायको वारलेली, तिचा फोटो भिंतीवर, आणि तो फोटो याच्याशी बोलतो. फोटोत प्रिया तेंडुलकर.

नटाच्या बाजूने विचार करा. समोर आहे एक चौकट. तिच्याकडे बघायचं, बोलणी खायची, आणि शेजारच्या खोलीत खरी बायको आहे हेही विसरायचं नाही. सराफ काय करतात, तर फोटोकडे बघताना मान किंचित खाली घेतात. नवरा बायकोसमोर घेतो तशी. खांदे पडतात. मग कुणी आलं की झटकन सरळ. त्या एका खांद्याच्या हालचालीत बाईचं मरणही आहे आणि तिचा धाकही. मासी अजूनही त्यांचं नाव घेत नाहीत, 'पेला फोटावाळा' म्हणतात, म्हणजे तो फोटोवाला.

'अशी ही बनवाबनवी'बद्दल एवढंच सांगते: साड्या नेसतात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे, पण ते खोटं सांभाळण्याचा घाम फुटतो अशोक सराफांना. पुढच्या वेळी बघाल तेव्हा साड्यांकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा.

आणि माझी सर्वांत लाडकी, 'खिचडी'मधली हंसा. २००२ची मालिका, सुप्रिया पाठक. हंसा इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते आणि प्रफुल, म्हणजे राजीव मेहता, तो समजावून सांगतो. साफ चुकीचा. पण सांगतो कसा? परीक्षेच्या आदल्या रात्री बाप पोराला गणित समजावतो तसा, मायेनं. आणि हिचं समाधान होतं! शब्दांची कोटी कुणीही लिहील हो. ती कोटी या दोघांचा संसार झालीय, ते कुणाला जमणार? मला विचाराल तर हंसा चिमणरावांच्याच घरची सून शोभली असती.

आता माझी तक्रार. हल्लीच्या बऱ्याच कॉमेडी शोमध्ये नटाचं वाक्य संपतं न संपतं तोच कॅमेरा हसणाऱ्या पाहुण्यांवर जातो. त्यावर 'ट्यँव' असा आवाज. अहो, वाक्यानंतरचा तो क्षण नटाचा असतो! समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायला आम्ही बसलोय, आणि तेवढंच तुम्ही कापता? मराठीत आज मेहनती नट कमी नाहीत. समीर चौघुले नुसते चालत आले तरी मी हातातलं काम ठेवते. अशा माणसावर कॅमेरा दोन सेकंद जास्त थांबू द्या, एवढंच मागणं आहे.

तर तुम्ही घरी करून बघा. आवडत्या मालिकेतला विनोदी प्रसंग लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याकडे बघा. तो आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा आहे, की खरंच ऐकतोय? 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पासून सुरुवात करा. तिथेही प्रभावळकर आहेत, आबा. जेवणाच्या टेबलावर घरातली चौघं एकाच वेळी बोलत असतात तेव्हा आबांचे डोळे बघा.

मी आणि मासींनी काल 'खिचडी'चे दोन भाग असेच पाहिले, सेव उसळ खात, आवाज शून्यावर. दुसऱ्या भागात हंसानं प्रफुलकडे मान वळवली, तोंड उघडायच्या आधीच मासींनी माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाल्या, "हवे पूछशे!" आता विचारणार! आणि हंसानं विचारलं.