किती पाडली नव्हे, किती उरली

श्रोतेहो, नमस्कार. टाकसाळीच्या वहीतला आकडा मोठा, म्हणजे नाणं सहज मिळणार, हा हिशेब सोन्याच्या नाण्यांना लागू पडत नाही. सोन्याचं नाणं कधीही पुन्हा सोनं होऊ शकतं, आणि होतंही. अमेरिकेत १९३३ साली वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली. त्याच वर्षी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम निघाला. नाणी चलनात आलीच नाहीत आणि १९३७ मध्ये जवळजवळ सगळी मुशीत गेली. आज ठाऊक असलेली वीससुद्धा भरत नाहीत. तेव्हा किती पाडली ते नव्हे, किती उरली ते बघायचं.

आणि उरली ती कशी उरली? नाण्याची झीज आधी उंच भागावर येते. एकोणिसाव्या शतकातल्या वीस डॉलरच्या नाण्यावर लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, कपाळावरचे केस आणि मुकुटाचं टोक बघा. इंग्लंडच्या सॉव्हरिनवर संत जॉर्जचा खांदा आणि घोड्याची छाती बघा. खोलीत एकच दिवा ठेवा, नाणं कडेला धरून तिरकं करा आणि सावकाश फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. उंच भागावर पट्टा तुटला आणि तिथे मंद करडी छटा दिसली, तर नाणं वापरातलं. पट्टा न तुटता नुसते ओरखडे दिसले, तर ते बहुधा थैलीतले. सोनं मऊ आणि जड, त्यामुळे नाणी थैलीतच एकमेकांवर आपटतात. तो दोष आहे, पण ती झीज नव्हे. १ ते ७० गुणांच्या मापात ५८ ला नाणं किंचित वापरलेलं आणि ६० पासून पुढे कोरं. गंमत अशी, की ५८ चं नाणं पुष्कळदा खरवडलेल्या ६० च्या नाण्यापेक्षा देखणं असतं. तरी माणसं परीक्षकांनी डबीवर छापलेला गुणांचा आकडा विकत घेतात, नाणं नाही!

बारीक, एका दिशेच्या रेघांचं जाळं दिसलं तर नाणं पुसलेलं आहे. ते परत पहिल्यासारखं होत नाही. पुन्हा सांगतो, नाणं पुसायचं नाही. मऊ कापडाने नाही, टूथपेस्टने तर नाहीच.

आता गोष्ट १८५७ सालची. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत त्या वर्षी वीस डॉलरची ९,७०,५०० नाणी पडली. एवढी पडूनही पुढची सव्वाशे वर्षं संग्राहकांना ती भेटली ती बहुतेक झिजलेलीच, कारण लोकांनी ती खर्चली, खिशात वागवली, वितळवली. कोरी प्रत म्हणजे अपूर्वाई. पण त्यातला एक साठा खर्च झालाच नव्हता. पनामामार्गे न्यूयॉर्ककडे जाताना तो ‘सेंट्रल अमेरिका’ नावाच्या आगबोटीवर चढला. हॅवाना सोडल्यावर बोट वादळात सापडली. पाणी शिरलं, बॉयलर विझले. उतारूंनी रांगेने उभं राहून बादल्यांनी पाणी उपसलं. बायकामुलांना दुसऱ्या जहाजावर पोचवलं गेलं. १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी बोट बुडाली. कॅप्टन हर्नडन तिच्याबरोबर गेले, आणि सुमारे सव्वाचारशे माणसंही.

१९८८ मध्ये टॉमी थॉम्प्सन यांच्या चमूला ती सापडली, जवळजवळ २,२०० मीटर खोल. पेट्यांची लाकडं किड्यांनी खाऊन संपवली होती, पण नाण्यांच्या चळती तशाच उभ्या होत्या! पेटी गेली, पेटीचा आकार राहिला. आता नाणी वर कशी आणायची? यंत्राच्या चिमट्याने धरलं तर ओरखडा उठणार, आणि एका ओरखड्याने नाण्याची पायरी उतरते. म्हणून ढिगावर सिलिकॉन सोडलं. ते रबरासारखं घट्ट झालं, की आतल्या नाण्यांसकट अख्खा गोळा उचलायचा आणि वर आणून नाणी सोडवून घ्यायची. काहींवर बोटीच्या लोखंडाचा गंज चढला होता. तो घासून नव्हे, रसायनाने सोडवला. खाली १८५७ ची झळाळी जशीच्या तशी. चांदी असती तर खाऱ्या पाण्याने काळी करून खाऊन टाकली असती. (अशी नाणी संग्रहालयात मात्र हातभर लांब, डोक्यावरच्या पांढऱ्या नळीखाली मांडतात. नाण्याला तिरपा उजेड लागतो, हे तिथे कोणाला सांगायचं!)

त्या साठ्यात १८५७ ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी पाच हजारांहून जास्त निघाली, बहुतेक कोरी. झालं काय, की १८५० ते १८६६ या काळातल्या वीस डॉलरच्या नाण्यांत, कोऱ्या अवस्थेत सर्वांत सहज मिळणारं नाणं म्हणजे हेच. झिजलेल्यांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली. म्हणून कोणी दुर्मीळ म्हणालं, की लगेच विचारायचं, कुठल्या अवस्थेत?

वेळ थोडा उरलाय, तेव्हा नकलांबद्दल भराभर. या नाण्याचं वजन ३३.४४ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला मऊ दोरा बांधून ते पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा दाखवील त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. इथे १.९४ च्या आसपास यायला हवं, म्हणजे भागाकार १७.२. नाण्याला बुडबुडा चिकटला तर भागाकार खाली घसरतो, म्हणून नाणं पाण्यात हलकेच हलवून बुडबुडा आधी घालवा. खऱ्या सोन्यात पाडलेली नक्कल मात्र या परीक्षेत पास होते. तिच्यासाठी दहापट भिंग लागतं. सपाट भागावर उठून आलेल्या वळवळत्या रेघा बघा, साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या अक्षरांच्या कडा बघा, आणि वेगवेगळ्या सालांच्या दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच खळगा आहे का, तेही बघा.