साडेआठ हजारांचं घर

नमस्कार, श्रोतेहो.

जून उजाडला की पुण्यात घर शोधणाऱ्यांची लगबग सुरू होते. यंदा त्यात माझी भाचीही होती. नांदेडची मुलगी, डेक्कनला पहिलीच नोकरी. तीन रविवार आम्ही दोघी जिने चढत होतो.

पहिल्याच दिवशी तिला नऱ्ह्यातलं वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आवडलं. भाडं साडेआठ हजार. मीही हो म्हणणार होते, पण म्हटलं, आधी हिशेब मांडू. बस गाठायला रिक्षा, मग बस. जाऊन-येऊन रोजचे शंभर रुपये. सव्वीस दिवसांचे २,६०० झाले. मेंटेनन्स वेगळा. नऱ्हे २०२१ साली महापालिकेत आलं, पण त्या सोसायटीत अजून टँकर येतो आणि त्याची वर्गणी वेगळी. साडेआठ हजारांचं घर बारा हजारांवर गेलं! वनाजजवळ मेंटेनन्ससकट साडेदहा हजारांची खोली होती, तिथून मेट्रो थेट डेक्कनला. तिकिटाचे पैसे धरूनही तीच स्वस्त पडत होती, शिवाय रोजचा तासभर वाचत होता. म्हणून सांगते, भाड्याचा आकडा एकटा बघू नका. घर ते काम हा रस्ता त्यात धरा.

मधे एका ठिकाणी दारातच विचारलं, "एकटी मुलगी? मग नको." कमावत्या, सरळ मुलीला असं परत पाठवताना पाहून मला फार वाईट वाटलं. घरमालक ऐकत असतील तर त्यांना विनंती आहे, माणूस बघा, बोला आणि मग ठरवा.

घर बघायला जाल तेव्हा पाणी येण्याच्या वेळेला जा. वनाजच्या खोलीत आम्ही स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि तोटी निरखून पाहिली. पांढरा थर नव्हता. तो दाट असेल तर पाणी जड, बहुधा बोअरचं. ताजा रंग पाहून भुलू नका. पुण्यात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंतीवर, विशेषतः कपाटामागे, हात दाबून बघा. रंग फुगलेला लागला तर जुलैत पोपडे पडणार हे नक्की. आणि घर न बघता टोकन, म्हणजे घर धरून ठेवायचे आगाऊ पैसे, कुणालाही पाठवू नका. 'मी बाहेरगावी आहे, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फसवणारा निघतो.

आता कराराचं. हे मी पोळलेली म्हणून सांगते. वीस वर्षांपूर्वी आम्ही नुसत्या स्टँप पेपरवर सह्या करून राहिलो. डिपॉझिट परत करताना मालकांनी रंगकामाचे म्हणून दहा हजार कापले. रंगाचं कधी बोलणंच झालं नव्हतं, पण दाखवायला हातात कागद नव्हता. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं आजही सर्रास ऐकू येतं. ते महाराष्ट्रात खरं नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे तेव्हा मला ठाऊक असतं तर!

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. साडेदहा हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचे तीनशे रुपयांच्या आसपास होतात. शहरात नोंदणी फी हजार. घरी येऊन करून देणारा एजंट आपले पैसे वेगळे घेतो, ते आधी विचारून ठेवा. रंग कुणी करायचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, हे सगळं करारात शब्दांत लिहून घ्या.

भाचीने वनाजचंच घर घेतलं. नोंदणीवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन आला. मालक काकांचा अंगठा पटकन उमटला, हिचा मात्र काही केल्या घेईना. सकाळपासून फरशा घासून बोटं सुरकुतली होती. काकूंनी आतून नॅपकिन आणून दिला. हात कोरडे करून तिने तिसऱ्यांदा अंगठा ठेवला, तेव्हा यंत्रावर हिरवा दिवा लागला.

नमस्कार.