परीक्षेच्या दिवसांतलं ग्रंथालय

नमस्कार श्रोतेहो.

मार्च संपत आला की आमच्या ग्रंथालयाचं रूप पालटतं. एरवी वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ रेंगाळणारी मुलं आत वाचन कक्षात येऊन बसतात. सकाळी दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर पाच-सहा जण वह्या उघडून बसलेले असतात. काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "मॅडम, याची एखादी प्रत शिल्लक आहे का हो?"

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारी आणि उशीर झाला की दंड घेणारी बाई, अशी बहुतेकांची समजूत असते. विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे नेमकं काय चालतं, ते आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या शास्त्रात डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र आहे, 'वाचकाचा वेळ वाचवा.' वर्षभर आम्हाला पाचही सूत्रं सारखीच. परीक्षेच्या महिन्यात मात्र मी हे चौथं सूत्र सगळ्यांत वर ठेवते. कारण त्या दिवसांत मुलांकडे एक वेळ सोडला तर बाकी सगळं थोडंफार उसनं मिळतं. वही मैत्रिणीची चालते, पुस्तक आमच्याकडून मिळतं. पेपरला उरलेले चार दिवस कोण उसने देणार?

एक उदाहरण सांगते. बी.कॉम.ला 'कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग' नावाचा विषय असतो. मुलं त्याला नुसतं 'कॉस्टिंग' म्हणतात. पुस्तक जाडजूड, किंमत बरीच, आणि आमच्याकडे प्रती मोजक्या. एरवी आम्ही पुस्तक सात दिवसांसाठी देतो. परीक्षेत तसं केलं तर सात दिवस ते एकाच्या दप्तरात राहणार आणि बाकीचे नुसते फेऱ्या मारणार. म्हणून पेपर जवळ आले की अशा पुस्तकांची घरी द्यायची मुदत आम्ही थांबवतो आणि त्यांच्या प्रती काउंटरमागच्या वेगळ्या रॅकवर आणून ठेवतो. दिवसभर ओळखपत्र ठेवून घ्यायचं, इथेच बसून वाचायचं. संध्याकाळी पाच वाजता ज्याची पाळी असेल त्याने घरी न्यायचं, सकाळी दहाच्या आत परत आणायचं. या रात्रीच्या पाळीचं एक वेगळं रजिस्टर असतं. त्यात मुलांनी आपली नावं आधीच घातलेली असतात.

आता या पाचच्या वेळेत एक अडचण आहे. आमच्याकडची निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. काही गावांची शेवटची गाडी पाचच्या आधीच सुटते, आणि ती चुकली की मुलींची फार पंचाईत होते. म्हणून त्या गावांच्या मुलांना आम्ही चार वाजताच पुस्तक देतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. गाड्यांचं वेळापत्रक आमच्या काउंटरच्या काचेखाली लावलेलं आहे, ते याचसाठी.

दुसरं काम जुन्या प्रश्नपत्रिकांचं. हे काम मला स्वतःला फार मोलाचं वाटतं आणि ते कुणाच्याच नजरेत येत नाही. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका परीक्षेगणिक येतात, म्हणून पूर्वी कितीतरी ठिकाणी त्यांच्या वर्षवार फाइली बांधत असत. पण मुलाला एका वर्षाच्या सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका नको असतात. त्याला हव्या असतात एका विषयाच्या पाच वर्षांच्या. म्हणून आमच्या फाइली विषयवार आहेत. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर सध्याचा अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी डकवलेली असते. मधल्या काळात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले. मग प्रश्नपत्रिका कुठल्या पॅटर्नची आहे, हे लाल शाईने वर लिहावं लागतं. हे केलं नाही तर एखादा मुलगा रात्र रात्र जागून रद्द झालेल्या प्रकरणाची तयारी करेल. त्याच्या मेहनतीत खोट नसेल, खोट आमच्या फाइलीत असेल.

श्रोतेहो, पुस्तकाइतकीच मुलांना लागते ती जागा. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांना हे चटकन कळणार नाही. दोन खोल्यांचं घर, आजी आजारी, धाकटी भावंडं, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि लग्नसराईचे दिवस असले तर समोरच्या मांडवातला डीजे. अशा घरातून आलेली मुलगी आमच्या वाचन कक्षात भिंतीकडे तोंड करून बसते आणि तीन-तीन तास मान वर करत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं शालेय वयातलं घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. सगळा संसार त्या खोलीत. वडील त्यांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवत, कारण तेवढ्याच वेळी घरात शांतता असे. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. रोज वाचत बसणाऱ्या या मुलाकडे तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचं लक्ष गेलं. गुरुजींनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब दार बंद होईपर्यंत बसत. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले आणि ग्रंथालय स्वतः लक्ष घालून उभं केलं. अभ्यासाला जागा न मिळणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून महाविद्यालयांच्या चालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की परीक्षेचा महिनाभर तरी वाचन कक्ष रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा. जिन्यात दिवा लावा. पिण्याचं पाणी ठेवा. मुलींसाठी स्वच्छतागृहाचं कुलूप त्या वेळेपर्यंत उघडं राहील हे बघा. खर्च म्हणाल तर विजेचं बिल आणि एका माणसाचा जादा भत्ता.

माणसाचा विषय निघालाच आहे तर बोलते. आज कितीतरी महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे. निवृत्त झालेल्या परिचरांच्या जागा भरल्या जात नाहीत. आमच्याकडे 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं मदतीला येतात, म्हणून संध्याकाळची पाळी निभावते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या विचाराचं हे देणं. ही मुलं पुस्तकं रॅकवर लावतात, पाळीचं रजिस्टर सांभाळतात आणि उरल्या वेळात तिथेच बसून अभ्यास करतात. पण त्यांनाही परीक्षा असतेच. त्यांचा पेपर असला की त्यांना कामावरून मोकळं करावंच लागतं. त्या दिवशी आमचे परिचर मामा एकटे तीन मजले चढ-उतार करतात. कुठलं पुस्तक कुठल्या रॅकवर आहे, हे मामा संगणकाच्या आधी सांगतात. 'निळ्या कव्हरचं, रसायनशास्त्राचं, मागच्या वर्षी माझ्या दादाने नेलेलं' एवढ्या वर्णनावरून त्यांनी पुस्तक काढून दिलेलं मी पाहिलं आहे.

घरून वाचायचं असेल त्यांच्यासाठीही सोय आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही योजना आहे. तिचं सभासद असलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं मोबाइलवर वाचता येतात. त्याचा पासवर्ड ग्रंथपालाकडून मिळतो. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सर्वांना खुलं आहे. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' आहे. मात्र या सगळ्याची ओळख परीक्षेच्या आदल्या रात्री करून घेता येत नाही. जूनमध्येच या, आम्ही शेजारी बसवून शिकवतो.

आणखी एक गोष्ट. काउंटरला रोज उभं राहिलं की चेहरे ओळखीचे होतात. एखादा मुलगा पुस्तक मागतो, पाच मिनिटांत परत करतो, दुसरं मागतो, तेही परत करतो. त्याला पुस्तक नकोच असतं. मी त्याला आत बोलावते, पाणी देते, वेळापत्रक काढून दोघं मिळून उरलेल्या दिवसांची आखणी करतो. कधी तेवढ्याने भागतं. कधी भागणार नाही असं दिसतं, तेव्हा मी त्याच्या शिक्षकांशी आणि घरच्यांशी बोलते आणि त्याला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून देते. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पालकांनी हा क्रमांक टिपून ठेवावा. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

आता शेवटचं, ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. पेपर झाला की पुस्तक त्याच दिवशी जमा करा, हॉलमधून थेट काउंटरवर या. तुमचा पेपर सोमवारी झाला असेल, पण त्याच विषयात राहिलेल्या मुलाचा जुन्या पॅटर्नचा पेपर गुरुवारी असतो, आणि त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. सर्वांना परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा. नमस्कार.