पहाटेची किलबिल आणि लुकलुकणारं आकाश

मंडळी, ज्वारी निसवली की आमच्या शेतात राखण असायची. पहाटे माळ्यावर जाग यायची ती पाखरांनी. आधी एखादी चिमणी, मग साळुंक्या, होले, आणि बघता बघता सगळं रान बोलायला लागायचं. आज ज्या लहरींबद्दल सांगायचंय, त्यांचं नाव असल्याच किलबिलाटावरून पडलंय: कोरस. रेडिओवर अगदी कमी कंप्रतेच्या लहरी ऐकणाऱ्यांना हा आवाज पहाटेकडेच जास्त यायचा.

हा आवाज हवेतला नव्हे. पृथ्वीपासून कैक हजार किलोमीटरवर, चुंबकावरणातल्या (पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंमल असलेल्या अवकाशातल्या) विरळ प्लाझ्मात, म्हणजे सुट्या विद्युतभारित कणांच्या वायूत, उठणाऱ्या या विद्युतचुंबकीय लहरी. कंप्रता काहीशे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या आवाक्यातली. अँटेनातला संकेत स्पीकरला जोडला की खालून वर चढत जाणारी चिवचिव ऐकू येते.

आता नॉर्वे, कॅनडाचं आकाश डोळ्यांपुढं आणा. मध्यरात्र उलटलेली, ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाच्या, झळाळत्या पडद्यांचा नाच ओसरलेला. मागं फिकट ठिगळं उरतात. काही सेकंद उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. उंची शंभरेक किलोमीटर.

दोन्हींना जोडतो तो इलेक्ट्रॉन. पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा दाखवणाऱ्या, उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तो उत्तरेकडं निघतो. जमिनीजवळ चुंबकत्व वाढत जातं, त्याची पुढची चाल संपते, नुसती गिरकी उरते आणि तो माघारी फिरतो. दक्षिणेला तेच. हवेपर्यंत पोचायचं तर रेषेला जवळजवळ समांतर धावायला हवं. पृथ्वीच्या केंद्रापासून सहा त्रिज्यांवर ही मोकळी वाट जेमतेम तीन अंशांची! तिथं त्याला ढकलतो कोरस. पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका रेटाही पुरतो ना, तसं लहरीचा ठेका गिरकीच्या ठेक्याशी जुळला की इलेक्ट्रॉनची दिशा बदलते. तो त्या अरुंद वाटेत शिरतो, सेकंदभरात वातावरणावर आदळतो, आणि हवेतले अणू-रेणू उजळतात.

आणि हे पहाटेकडेच का? चुंबकीय वादळी हालचालीत पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूनं आत फेकलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडं, म्हणजे पहाटेच्या बाजूला सरकतात. त्यांच्याच ऊर्जेवर कोरस पोसला जातो. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते: लहर इलेक्ट्रॉनपासून जन्मते आणि इलेक्ट्रॉनलाच खाली पाडते.

आपल्या अंबाजोगाईतून निघालेली रेषा मात्र काहीशे किलोमीटर वर जाऊन पलीकडं उतरते, कोरसच्या प्रदेशापर्यंत पोचतच नाही. म्हणून इथं हे दिसणार नाही.

पुरावा मिळायला वेळ लागला. 2010 साली नासाचे थेमिस उपग्रह आणि जमिनीवरचे कॅमेरे यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा कोरसचा चढउतार आणि ठिगळांची उघडझाप जुळली. पण त्या तीन अंशांत शिरणारे इलेक्ट्रॉन वेगळे मोजता आले नव्हते. डिसेंबर 2016 मध्ये जपाननं सोडलेल्या आरासे उपग्रहानं ते मोजले. 2018 साली निष्कर्ष छापून आला. कोरस वाढला की त्या वाटेतले इलेक्ट्रॉन वाढत होते, आणि त्याच रेषेच्या पायथ्याशी आकाश लुकलुकत होतं.

वेगवान कॅमेऱ्यांनी आणखी एक दाखवलं. ठिगळ उजळलेलं असतं तेव्हा ते आतल्या आत सेकंदाला तीनेक वेळा थरथरतं. कोरसमधली एकेक चिवचिव साधारण त्याच लयीत येते.