आपल्याला सगळं दिसतं, असं वाटतं तेव्हा

रामराम मंडळी. रेघांच्या वहीचा एक कागद घ्या बरं. त्यावर डावीकडे एक फुली मारा आणि त्याच ओळीत उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढा. आता डावा डोळा तळहाताने झाका, उजव्याने फक्त फुलीकडे बघा, आणि कागद हातभर लांबून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब!

घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या मारिओतने हे १६६० च्या सुमारास शोधलं.

पण खरी गंमत पुढे आहे, ठिपका गेला तिथे काळं भोक दिसलं का? नाही ना, तिथे कागदच दिसतो, रेघासुद्धा जोडलेल्या, कारण मेंदू आजूबाजूचं बघून तिथे रफू करून टाकतो. आणि नेमकं हेच काचबिंदूत नडतं. त्यात नस हळूहळू सुकते, बाजूची नजर तुकड्यातुकड्याने जाते, दुखत नाही, खुपत नाही, शिवाय एका डोळ्याचं भोक दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून माणूस बिनधास्त म्हणतो, ‘माले तं समदं दखास’. आणि मग धुळे रोडला बाजूने आलेली मोटरसायकल दिसत नाही.

आपल्याकडे लोक काचबिंदूला मोतीबिंदूच समजतात, पिकला की ऑपरेशन करू म्हणतात. अहो, मोतीबिंदू काढला की नजर परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही, उरलेली सांभाळायची. त्यासाठी रोजचे थेंब, कधी लेसर, कधी ऑपरेशन. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ मिमी पारा असतं, पण ते नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, म्हणून नुसतं प्रेशर मोजून घरी येऊ नका, नस बघायला सांगा आणि फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूची नजर तपासायची चाचणी, करायची का ते विचारा. चाळिशी झाली की एकदा तपासाच, आणि भावाला-बहिणीला असेल तर टाळाटाळ नकोच. डोळा लाल झाला की मेडिकलवरून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने टाकणारेही आहेत, त्याने प्रेशर वाढतं, असे थेंब टाकणं मला अजिबात पटत नाही.

सगळेच डाग काचबिंदूचे नसतात. मधोमध धूसर दिसतं, दाराची चौकट वाकडी दिसते, तर पडद्याचा मधला भाग बघावा लागतो, काही प्रकारांत डोळ्यात इंजेक्शन देतात. शुगर असलेल्यांनी पडदा दरवर्षी दाखवायचा. नागमोडी चमचम होऊन अर्ध्या तासात गेली तर बहुधा मायग्रेन, तरी पहिल्यांदाच झाली असेल तर दाखवून घ्या. पण अचानक डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं किंवा दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेली, तर कपाशीची वेचणी असो की केळीची गाडी भरायची असो, त्याच दिवशी, त्याच घडीला दवाखाना. डोळ्याचा आतला पडदा सुटलेला असू शकतो, किंवा मेंदूचा झटका.

आणि घरात आबांना काचबिंदूचे थेंब चालू असतील तर एक सांगतो. एका वेळी एकच थेंब पुरतो, दुसरा गालावरच येतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलकेच दाबायचा, आणि दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी.