खेकड्याला दुखतं का, हे तपासायचं कसं?

स्फेक्स ही जमिनीत बीळ खणणारी गांधीलमाशी. डंख मारून ती रातकिड्याला लुळं करते, ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, तिथे ठेवून एकटी आत जाते, सगळं तपासून येते आणि मगच मिशांना धरून त्याला आत नेते. पिल्लांसाठी एवढी तयारी पाहिली की वाटतं, हिला मन असणारच. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी ती आत असताना रातकिडा थोडा लांब सरकवला. तिने तो पुन्हा तोंडाशी आणला आणि पुन्हा तपासायला आत गेली. असं 40 वेळा झालं! दुसऱ्या वस्तीतल्या माश्या मात्र दोन-तीनदा फसून शहाण्या झाल्या, हेही फाब्र यांनीच लिहिलंय. फाब्र यांची ही गोष्ट सांगणारे ते सोयीस्कर विसरतात.

तर नुसत्या गुंतागुंतीवरून जाणीव ठरत नाही. मग पाहायचं काय? वेदना आणि गरज यांची ओढाताण.

बेलफास्टमध्ये एलवूड आणि अपेल या संशोधकांनी 2009 मध्ये शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे सौम्य झटके दिले. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर शंख कुठलाही असो, खेकडे सारखेच बाहेर पडायला हवे होते. पण नावडत्या जातीचा शंख त्यांनी लवकर सोडला, आवडता धरून ठेवला. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकारी प्राण्याचा वास मिसळला, तेव्हा बाहेर पडणारे आणखी कमी झाले.

तुम्ही म्हणाल, अशी बेरीज-वजाबाकी यंत्रही करील. बरोबर आहे. म्हणून जीवशास्त्रज्ञ रॉबिन क्रुक यांचा 2021 मधला ऑक्टोपसचा प्रयोग मला जास्त वजनदार वाटतो. आधी प्रत्येक प्राण्याला कुठला कप्पा आवडतो ते पाहिलं. मग भुजेत सौम्य ॲसेटिक आम्ल टोचून त्याला त्याच कप्प्यात ठेवलं. नंतर तो कप्पा ते टाळू लागले. इंजेक्शनच्या जागेची कातडी त्यांनी चोचीने कुरतडली. आम्ल टोचल्यावर लिडोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाची भूल देऊन ज्या कप्प्यात ठेवलं, तो मात्र आवडीचा झाला.

इथे चूक होण्याची जागा आहे ती भुलीचीच: लिडोकेन मुळातच सुखद असेल तर? म्हणून आम्लाऐवजी फक्त सलाइन टोचलेल्यांनाही ते दिलं. त्यांना त्या कप्प्याची ओढ लागली नाही. म्हणजे आवडली ती सुटका. शिवाय कप्पा निवडण्याच्या वेळी टोचणारा कुणी नव्हता. निवड आठवणीवरच झाली.

एवढ्यावर जाणीव सिद्ध झाली का? नाही. दृष्टिकेंद्राला इजा झालेली काही माणसं ‘दिसत नाही’ म्हणतात आणि तरी वस्तूकडे अचूक बोट दाखवतात. न जाणवताही बरंच काही करता येतं. पण कायद्याला शंभर टक्के खात्री लागत नाही. तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने 2021 मध्ये जाणिवेचे 8 निकष लावून 300 हून अधिक अभ्यास तपासले आणि 2022 च्या ब्रिटिश प्राणी-कल्याण कायद्यात ऑक्टोपस, खेकडे, शेवंडं आली. त्या तपासणीत खेकड्यांचा पुरावा भक्कम ठरला. आपल्याकडे तळ्यांत वाढवतात त्या कोळंबीच्या कुळाचा तोकडा निघाला, कारण तिच्यावर असे प्रयोगच फारसे झालेले नाहीत.